न हललेलं पोट

माझा नवाकोरा फोन त्यांनी हातात घेतला, उलटा करून स्वतःच्या गालाला लावला, डोळे मिटून क्षणभर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "ताप आहे याला. काय बघत होतीस?"

"गाडीत बसल्या बसल्या एक व्हिडिओ बघत होते, सर."

"वाटलंच," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि ते जिना उतरायला लागले. मी सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून त्यांच्या मागे. ही माझी नोकरीची मुलाखत होती, आणि ती झाली कर्जतला, उल्हास नदीच्या पुलावर. कठड्याला टेकून त्यांनी खाली बोट दाखवलं.

"काय दिसतंय?"

"एक म्हैस बसलीय. बायका कपडे धुतायत."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"पाणी?"

"पाणी तर आहेच."

"पाणी तर आहेच!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की पुलावरून जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला. "अगं, त्या पाण्यातच तर आमचा जीव जातो! म्हैस जागची हलत नाय. बायांचे फक्त हात हलतात. पण पाण्याचा ठिपका न् ठिपका हलतोय, आणि फोन बिचारा सगळं लिहून काढतोय. तुला दिसलं नाही ना? मग आपण ते कुणासाठी लिहायचं? उद्यापासून ये."

फाईल त्यांनी उघडलीच नाही. खोपोलीला, शिळफाट्यावरच्या आमच्या घरी परतले तेव्हा आईने विचारलं, "काय विचारलं गं?" मी म्हटलं, "पाणी दिसतं का, ते विचारलं." आई माझ्याकडे बघतच राहिली.

त्यांचं ऑफिस कर्जत स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पाइप आणि नळ विकणाऱ्या दुकानाच्या वर. आम्ही मोजकी माणसं. सरांचं घराणं भाताच्या शेतीतलं, तिथलंच. शिकून मोठ्या कंपन्यांत राहिले, परदेशात राहिले आणि चाळिशीनंतर एक दिवस सगळं सोडून परत आले. भाषा शहरी झाली होती, पण भडकले किंवा खुशीत आले की "हाय-नाय" सुरू व्हायचं. ते भडकलेत की खुशीत आहेत, हे मात्र चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही.

आमचं काम समजायला मला बरेच दिवस लागले. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक धावणारी चित्रं. ती सगळी जशीच्या तशी पाठवायची तर फोन तापतो, बॅटरी बसते आणि डोंगरातल्या अर्ध्या-मुर्ध्या नेटवर्कवर काही पोचत नाही. म्हणून प्रत्येक चित्राचे बारीक चौकोन पाडायचे. जो चौकोन बदलला तो पाठवायचा, जो बदलला नाही त्याच्याबद्दल नुसतं कळवायचं, "मागचाच ठेव." हे सगळेच करतात. पण बाकीचे नव्या, दणकट फोनांसाठी करतात. सर करायचे ते काच तडकलेल्या, बॅटरी फुगलेल्या, तीन हातांतून फिरून आलेल्या फोनांसाठी. असे फोन ते बाजारातून गोळा करून आणायचे आणि कपाटात नीट मांडून ठेवायचे. ऑफिसात चार्जर आणायला बंदी होती. सकाळी भरलेला फोन संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे, नाही टिकला तर तो आमचा पराभव. एकदा एक पाहुणे चार्जरसाठी भिंतीवर प्लग शोधायला लागले. सरांनी त्यांच्या हातातला चार्जर काढून घेतला आणि खालच्या पाइपच्या दुकानात ठेवून आले. "जाताना घ्या," म्हणाले. पाहुणे आमच्याकडे बघत राहिले. आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो.

बोलणंही तसंच. "कसे आहात?" विचारलं की उत्तर, "कालच्यासारखाच." डबा कसला आणलाय? "परवाचाच." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हा माणूस मला फक्त बदल सांगतो. काही बदललं नसेल तर दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, रुसलेत."

आमच्यातल्या एकीच्या लग्नात तर त्यांनी हद्दच केली. वधू-वर स्टेजवर उभे, आणि कुणीतरी चमचमत्या कागदाच्या कपट्यांची नळी फोडली. हवेत चांदीचा पाऊस. लोक टाळ्या वाजवतायत आणि सर खुर्च्या ओलांडत, हात उंचावून स्टेजकडे धावतायत. "बंद करा! पोरीचा चेहरा गेला! चेहरा गेला!" नवरीच्या आईला वाटलं, काहीतरी भाजलं. ती किंचाळली. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मग सर शांतपणे सगळ्यांना समजावून सांगायला लागले, की हे कपटे एवढे हलतात की त्यांच्यापुढे चेहऱ्याला जागाच उरत नाही, चेहरा पुसट होतो. नवरीच्या आईला पाणी देत होते तिथे मी उभी होते. ती म्हणाली, "हा माणूस तुमच्याकडे साहेब हाय?" मी हो म्हटलं.

असा हा माणूस. लोक हसायचे, आम्हीही हसायचो. पण त्यांच्या कामाला कुणी हसत नव्हतं. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये एक संस्था आरोग्याचं काम करायची. कर्जतच्या त्यांच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या. वाडीतली आरोग्यसेविका फोनवरून आजारी माणूस दाखवायची, डॉक्टरबाई बघायच्या, आणि डोंगर उतरून यायला हवं की नको ते सांगायच्या. ते चित्र आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं. जिथे पूर्वी नुसते ठोकळे दिसायचे, तिथे आता चेहरा दिसायला लागला होता. सर स्वतः वाड्यांवर जाऊन सेविकांना शिकवून आले होते, "फोन हातात धरू नका, कशाला तरी टेकवून ठेवा. हलला की दमतो."

प्रोग्रॅममधला एक भाग सरांचा फार लाडका होता. आम्ही त्याला अंधाराचा नियम म्हणायचो. कमी उजेडात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून चित्रात सगळीकडे बारीक दाणे वळवळतात. फोनला वाटतं, सगळंच हलतंय, आणि तो फुकट राबत बसतो. सरांनी ठरवलं, की अंधारात बारीक हालचाल आली तर ती दाणेच समजायची आणि सोडून द्यायची. त्या एका नियमाने चित्र काचेसारखं स्वच्छ झालं आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकायला लागली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला तेवढ्यासाठीच आमचा प्रोग्रॅम विकत हवा होता. त्यांची माणसं त्याच आठवड्यात येणार होती.

थंडीचे दिवस होते. दुपारी जेवणं उरकत होतो तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि डॉक्टरबाई चपला न काढता आत आल्या. पांढरा कोट तसाच अंगावर.

"तुमचं ते बंद करा," त्या म्हणाल्या. "आत्ता."

सरांनी हातातला घास डब्यात ठेवला. "काय बदललं?"

"काही बदललं नाही, तेच तर सांगायला आलेय!" त्यांचा आवाज फाटला होता. "काल एक तान्हं बाळ दाखवलं मला. सर्दी आहे, दूध ओढत नाही म्हणाले. थंडीमुळे दार लावलेलं, आत काळोख. फोन डब्याला टेकवलेला, तुम्ही शिकवलाय तसा. मी अंगावरचं फडकं बाजूला करायला सांगितलं आणि छाती बघत बसले. काही नाही. ना धाप, ना ओढ. बाळ शांत झोपलेलं. मी म्हणणारच होते की काळजी करू नका, उद्या आणा. तेवढ्यात कण्हल्याचा आवाज आला. मी विचारलं, कोण कण्हतंय? सेविका म्हणते, बाळच कण्हतंय की मॅडम, तुम्हाला दिसत नाय का?"

डॉक्टरबाईंनी दम घेतला.

"ताबडतोब खाली आणा म्हटलं. इथे आलं तेव्हा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ऑक्सिजनवर आहे. जगेल असं आज वाटतंय. पण मी काय बघत होते काल? मला सांगा, मी काय बघत होते?"

सर उठले, खिडक्यांची दारं लावून घेतली, दिवे बंद केले. मग शर्ट काढला, बनियन काढला आणि ज्या टेबलावर आम्ही जेवत होतो त्यावरचे डबे बाजूला सारून उताणे झोपले. आमच्यातल्या कुणालाच कळेना, हे काय चाललंय. डॉक्टरबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"कपाटातला जुना फोन घे," ते मला म्हणाले. "पाण्याच्या कॅनला टेकव. पोटावर रोख. दुसरा फोन तुझ्या हातात धर आणि त्यात बघ. मी श्वास घेतो."

मी लावलं. माझ्या हातातल्या पडद्यावर सर दिसायला लागले. टेबल, पोट, पोटावर ठेवलेला हात. स्वच्छ चित्र. एक दाणा नाही.

पोट हलत नव्हतं.

मी मान वर करून टेबलाकडे बघितलं. अंधुक उजेडात त्यांचं पोट सावकाश वर येत होतं, खाली जात होतं. परत पडद्यावर बघितलं. निश्चल. एखाद्याला शेवटची आंघोळ घालून ठेवतात, तसं. समोर जिवंत माणूस आणि हातात त्याचं प्रेत, आणि दोन्ही एकाच क्षणी.

"सर," मी म्हटलं, "हलत नाहीय."

"अजून मोठा घेतो."

"नाही हलत."

त्यांनी छाती फुटेल एवढा श्वास ओढला. पडद्यावर पोट एकदम टुणकन वर आलं आणि तिथेच थांबलं, फुगलेलं. त्यांनी कधीच श्वास सोडून दिला होता. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावरून ते पाहिलं.

सर उठून बसले. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पडद्यातल्या स्वतःकडे बघितलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"बाळाचं पोट केवढं असतं," ते म्हणाले, "ओंजळीएवढं. वर जातं, खाली येतं, परत जिथल्या तिथं. माझ्या नियमाच्या हिशोबी काय झालंच नाय." मग फार हळू म्हणाले, "मी श्वासाला दाणा समजलो."

त्या दुपारी आमच्यात जे बोलणं झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. कुणी वाईट नव्हतं. एक जण म्हणाला, नियम थोडा सैल करू, गुपचूप नवं पाठवून देऊ, कुणाला कळणारही नाही. दुसरी म्हणाली, बाळ वाचलंय ना सर? सर ऐकत होते. मग त्यांनी फोन घेतला आणि एकेका वाडीच्या सेविकेला स्वतः लावला. "मी बोलतोय. त्या फोनवर आजारी माणूस दाखवू नका. चित्र खोटं हाय. होय, खोटं. माझ्यामुळं." जिचा फोन लागला नाही तिच्यासाठी माणूस पाठवला.

पुण्याची माणसं आली तेव्हा त्यांनी चहाआधी हेच सांगितलं. शर्ट काढून पुन्हा झोपून दाखवलं. त्यातला एक जण, चांगला समजूतदार माणूस, म्हणाला, "सर, आमच्याकडे बाळं नाहीत. लोक लग्नं बघतात, भाषणं बघतात."

"माणसंच असतात ना त्यात?" सर म्हणाले. "श्वास घेत असतील."

ती माणसं परत आली नाहीत.

मग सर म्हणाले, बाळाच्या वाडीवर जायचं. डॉक्टरबाईंनी समजावलं, की बाळ घरी गेलंय, बरं आहे, आता जाऊन काय उपयोग? काकूंनी समजावलं, लोक मारतील. ते ऐकेनात. शेवटी मी बरोबर गेले.

डांबरी रस्ता संपल्यावर चढ होता. वाडी म्हणजे सागाच्या झाडीत विखुरलेली थोडी घरं. बाळाची आई, सोमी, अंगणात नाचणी वाळत घालत होती. विशीतली असेल. तिचा नवरा वर माथेरानला हॉटेलात काम करायचा, तो त्या दिवशी घरी होता. सेविकेने आमची ओळख करून दिली. आत बसा म्हणाले, पण सर अंगणातच मातीत बसले.

आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता. डॉक्टरबाईंना काय दिसलं, का दिसलं, तो नियम कुणी लिहिला. मोठाले शब्द वापरले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुमच्या बाळाचा श्वास माझ्या प्रोग्रॅमनं गिळला. डॉक्टरपर्यंत पोचू दिला नाय."

नवऱ्याला ते पटकन कळलं नाही. सोमीला कळलं. तिच्या हातातली नाचणी तशीच राहिली.

"मंग डॉक्टरबायनं काय पायलं?"

"आधीचं चित्र. आधीच्या घडीचं बाळ."

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "म्हंजे माजा पोर तितं मेला असता, तरी तुमच्या फोनात जिताच दिसला असता?"

मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. की असं कधी होत नाही, की फार काळ तसं राहत नाही. कुणीही सांगितलं असतं.

"होय," सर म्हणाले. "जिताच दिसला असता."

नवरा ताडकन उठला. "आन् ह्ये सांगायला आलाव हितं? आमच्या दारात?" त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या. सेविका मध्ये उभी राहिली. सर हलले नाहीत, हातही वर केला नाही. मारलं असतं तर त्यांनी मार खाल्ला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सोमी घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाळाला घेऊन बाहेर आली. झोपेतून उठवल्यामुळे ते कुरकुरत होतं. तिने ते सरांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि बाळाच्या पोटावर टेकवला.

"ह्ये बगा," ती म्हणाली. "हालतंय नं?"

सर म्हणाले, "हालतंय."

"मंग बसा जरा तसंच."

ते बसले. नवरा तोंड फिरवून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. कोंबड्या नाचणी टिपायला आल्या तरी कुणी त्यांना हाकललं नाही. बाळ पुन्हा झोपलं. इतकी वर्षं एवढ्या चित्रांकडे बघितलेल्या या माणसाने तो सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. शेवटी सोमीनेच बाळ उचललं. चहा विचारला नाही, शिवीही दिली नाही. आम्ही उतरलो.

त्यानंतर सरांनी प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. आता जिथला चौकोन जुना आहे, ज्याच्याबद्दल फोनला खात्री नाही, तिथे मागचं चित्र ठेवायचंच नाही. तिथे राखाडी दाखवायचं. सपाट राखाडी. चांगल्या उजेडात चित्र ठीक यायचं, पण अंधार पडला की माणसाच्या अंगावर महारोगासारखे राखाडी डाग पडायचे. ज्याला दाखवू तो दचकायचा. "हे बिघडलंय वाटतं," म्हणायचा. सर म्हणायचे, "बिघडलेलं नाय. ठाऊक नाय, असं सांगतंय ते." गिऱ्हाईक एकही मिळेना. आमच्यातले एकेक जण दुसरीकडे नोकऱ्या शोधून गेले. कुणालाही त्यांनी थांबवलं नाही. मी का राहिले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या पडद्यावरचं पोट बघितल्यानंतर दुसऱ्या कुठल्या स्वच्छ चित्रावर माझा विश्वास बसत नव्हता, एवढं खरं.

डॉक्टरबाईंनी तो प्रोग्रॅम परत घ्यायला खूप काळ घेतला. घेतला तेव्हा अट घातली, की सुरुवातीला आमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसायचं. म्हणून त्या सकाळी मी त्यांच्या खोलीत होते. ठाकुरवाडीच्या बाजूच्या एका पाड्यावरून फोन आला. म्हातारे आजोबा, दम लागतोय. खाटेवर, आतल्या अंगाला निजलेले. पडद्यावर चेहरा ठीक होता, पण गळ्याखाली सगळं राखाडी. घरातला माणूस सांगत होता, "आता बरं वाटतंय त्यांना, झोप लागलीय."

डॉक्टरबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या.

"नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मला दिसत नाहीय. छाती मला दिसत नाहीय. खाट उचला आणि दाराशी आणा, उजेडात."

कुरकुर झाली, पण त्यांनी खाट ओढली. चित्र हेलकावलं, पांढरं झालं, मग हळूहळू राखाडी विरलं आणि आजोबांची छाती दिसली. भात्यासारखी उडत होती. डॉक्टरबाईंनी तिकडे एकाला डोली बांधायला सांगितलं, इकडे एकाला जीप काढायला सांगितलं, आणि माझ्याकडे न बघताच ऑक्सिजनची तयारी करायला गेल्या.

मी व्हरांड्यात येऊन सरांच्या घरी फोन लावला. त्यांनी उचलला. मी झालेलं सगळं सांगितलं, आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, लाइन तुटली. हॅलो हॅलो करत राहिले.

मग काकूंचा घाबरलेला आवाज आला. "अगं, काय सांगितलंस तू यांना? मटकन जमिनीवर बसलेत. हसतायत का रडतायत, मला काही कळेना. कुणाचं काही वाईट झालं का?"

"नाही काकू," मी म्हटलं. "डॉक्टरबाईंना दिसलं नाही, एवढंच सांगितलं."